देवराईतला बेहडा आणि पावसाळ्याचे चार महिने

२०२३ च्या गौरी-गणपतीत गोठ्यामागच्या लाकडांच्या ढिगावर मला पहिल्यांदा ते पिवळं दिसलं. हळदीचं पीठ भिजवून ओतावं तसं, हातभर पसरलेलं. सासूबाई म्हणाल्या, "कुत्रा ओकला असेल, पाणी टाक." मी पाणी टाकायला विसरले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते तिथं नव्हतं. वीतभर वरच्या ओंडक्यावर चढून त्याची फिकट खरपुडी झाली होती. काडी लावली तर आतून काळपट भुकटी उडाली. रात्री फोनवर शोधलं तेव्हा नाव कळलं, फ्युलिगो सेप्टिका. इंग्रजीतही तिचं चालू नाव 'कुत्र्याची ओक' असंच आहे.

ही बुरशी नव्हे, स्लाइम मोल्ड. शंभर-दीडशे वर्षं यांना बुरशीत मोजलं, पण यांचं नातं अमिबाशी जवळचं. तो हातभर पिवळा पसारा म्हणजे एकच पेशी असते, मध्ये भिंती नसलेली आणि आत असंख्य केंद्रकं असलेली. ती सरकते, जिवाणू आणि बुरशी खाते, आणि दिवस भरले की जागच्या जागी बीजाणूंच्या इवल्या पिशव्या होऊन बसते. हे वाचल्यावर मी ठरवलं की पुढचा पावसाळा यांच्यासाठी द्यायचा. मी चिपळूणला बँकेत आहे. सासर संगमेश्वर तालुक्यात, तासाभराच्या अंतरावर. हाताशी रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. जीवशास्त्र बारावीनंतर सुटलेलं. असंच कुणाला करायचं असेल तर वाट थोडी सोपी व्हावी म्हणून हे तारखांसकट लिहिते आहे.

सुरुवात मी चुकीच्या टोकाकडून केली. अशा गोष्टी अभयारण्यातच सापडणार असं वाटून मार्च २०२४ मध्ये एका अभयारण्यासाठी अर्ज केला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभ्यासासाठी किंवा छायाचित्रणासाठी अभयारण्यात जायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि तिथून काही उचलायचं तर प्रकरण आणखी वेगळं. मी अर्जाला आधारची प्रत, जागांची यादी आणि 'काहीही गोळा करणार नाही' असं हमीपत्र जोडलं. महिनाभर उत्तर नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'साहेब दौऱ्यावर'. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज परत आला, संस्थेचं पत्र जोडलेलं नाही म्हणून. नियम असेल, पण तो मार्चमध्ये सांगितला असता तर बरं झालं असतं. वाईट वाटलंच. अभयारण्यातच जायचं असेल तर एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं पत्र आधी मिळवा, अर्ज जानेवारीत टाका आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

नशिबानं मे महिन्यातच मी दुसरी वाट धरली होती. आमच्या गावाला देवराई आहे. साडेतीन एकरांची. तिथलं लाकूड तर सोडाच, पडलेलं पानही कुणी उचलत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात तिथला एक जुना बेहडा आडवा झाला, तो तसाच कुजतो आहे. मिठीत मावणार नाही असं खोड, तीस-बत्तीस फूट लांब. स्लाइम मोल्डला हवं ते सगळं तिथं आहे: कुजकं लाकूड, सावली, ओल, आणि माणसाचा हात नाही.

आधी सातबारा काढला. ऑनलाइन, डिजिटल सहीचा, १५ रुपये. मालकाच्या रकान्यात देवस्थान आहे याची खात्री झाली. ही पायरी सोडू नका, कारण काही गावांत देवराईची जमीन सरकारच्या नावावर असते, मग विचारायचं कुणाला तेच बदलतं. निवडणुकीची आचारसंहिता चालू होती, तेव्हा ग्रामसभेची वाट न बघता सरपंचांना साध्या कागदावर अर्ज दिला. सहा दिवसांत शिक्क्याचं पत्र मिळालं. पण गावात खरी परवानगी त्या पत्रानं मिळत नाही. मानकऱ्यांनी सांगितलं, देवाला विचारावं लागेल.

१९ मेच्या रविवारी सकाळी नारळ-विडा घेऊन देवळात गेले. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, मागून चौघांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. मग देवाला कळे लावले, म्हणजे मूर्तीच्या उजव्या-डाव्या बाजूला कळ्या चिकटवल्या; उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पहिला प्रश्न: सूनबाईनं राईत येऊन फोटो काढावेत का? दहा मिनिटं काहीच हललं नाही. मी उभ्या उभ्या घामानं भिजले. मग उजवीकडचा कळा पडला. दुसरा प्रश्न: तपासायला नखाएवढा तुकडा न्यावा का? या वेळी वाट बघावी लागली नाही. डावा पडला.

"फोटूला हरकत नाय," गुरवकाका म्हणाले. "पण न्यायचा काय नाय. आणि दिवस मावळल्यावर आत थांबायचा नाय."

तेव्हा या दुसऱ्या कौलाचं ओझं मला कळलं नव्हतं. बहुतेक स्लाइम मोल्डची जात नुसत्या फोटोवरून ठरत नाही. बीजाणू मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, त्यांच्यावर काटे आहेत की जाळी ते पाहावं लागतं. तुकडा न्यायचा नाही म्हणजे देवराईतल्या बहुतेक नोंदी गणापर्यंतच, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या नावापर्यंतच, थांबणार. ऑगस्टमध्ये मी पुन्हा विचारण्याबद्दल बोलले तेव्हा काकांनी मान हलवली. देवाला तेच तेच विचारायचं नसतं. म्हणून कामाचे दोन भाग केले. देवराईत फक्त फोटो. आणि गोठ्यामागचा ढीग, परसातलं फणसाचं कुजकं खोड, नारळाच्या झावळ्या हे आमचंच असल्यामुळे तिथून नमुने.

आता सामान. भाच्याचा जुना कॅनन कॅमेरा आणि ५५-२५० ची लेन्स घरात होती. तिच्या तोंडावर बसवायचं रेनॉक्स डीसीआर-२५० हे भिंग ६,९०० रुपयांना घेतलं. सुरुवातीला यापेक्षा महाग काही घेऊ नका. फ्लॅशपुढे केक भाजायच्या कागदाचा दुहेरी पडदा लावला, नाहीतर ओल्या लाकडावर पांढरे ठिपके चमकतात. तिकाटणं खोडाजवळ बसत नाही, त्यापेक्षा जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात वाळू भरली आणि कॅमेरा त्यावर टेकवला. इतक्या जवळून एका वेळी कागदाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकसची कडी केसभर फिरवत वीस-तीस फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकमेकांवर रचून एक करायचे. दोन सेकंदांचा टायमर लावा, बोट लागलं तरी चित्र हलतं. आणि रोज घरी आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कोकणात लेन्सवरही बुरशी चढते, ती फोटो काढण्याजोगी नसते.

८ जूनच्या शनिवारी पहिली फेरी. पाऊस नुकता सुरू झालेला. तीन तास खोडावरून नजर फिरवली, दिसलं काहीच नाही. जळवांनी मात्र दोन्ही पाय धरले. पुढच्या रविवारीही तेच. निराश होऊन खोडाजवळ उकिडवी बसले आणि एका वितीएवढ्याच जागेकडे भिंगातून बघत राहिले, तेव्हा दिसलं. सालीच्या फटीत पांढरे, काचेसारखे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे खांब, शेकड्यांनी. सेराटिओमिक्झा. मी त्याच्यावर हात टेकवून बसले होते. उभं राहून ही दुनिया दिसत नाही. जागा लहान घ्यायची आणि खाली बसायचं. त्यासाठी गुडघ्याखाली घ्यायला रबराचा तुकडा न्या. गमबूट हवेतच, आणि हात घालण्याआधी काठीनं पाला हलवा. आमच्याकडे फुरसं असतं. लाकूड उलटून बघू नका, खालच्यांचं घर मोडतं.

२३ जूनला लायकोगाला भेटली, वाटाण्याएवढ्या गुलाबी गोळ्या. कोवळ्या असताना फुटल्या तर आतून टूथपेस्टसारखा गुलाबी रांधा येतो. गोगलगाईनं एक कुरतडली होती म्हणून तो मला दिसला, मी हात लावला नाही. जिला वर्षानुवर्षं एकच जात समजत ती प्रत्यक्षात अनेक जातींचा गोतावळा आहे, असं अलीकडच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. म्हणून माझ्या वहीत 'लायकोगाला' एवढंच आहे. जुलैत विटकरी आणि पिवळ्या रंगाची आर्सिरिया आली, लोकरीच्या गोंड्यांसारखी. फुंकर मारली की लवते.

पण मला कायम आठवेल ती २७ जुलैची रात्र. चौथा शनिवार, धो धो पाऊस, देवराईत जाणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी सहाला परसातल्या फणसाच्या एका ढलपीवर साबुदाण्यासारखा पांढरा फेस दिसला. ढलपी अलगद उचलून पडवीत आणली, ओल्या गोणपाटावर ठेवली आणि समोर बसले. नऊ वाजता साबुदाणा विलग होऊन दाणा दाणा उभा राहिला. साडेअकराला प्रत्येक दाण्याखाली काळा, केसासारखा देठ दिसायला लागला आणि पांढरं शेंडीसारखं वर चढत गेलं. कुणी उचलत नव्हतं, ते स्वतःच आपला देठ करत त्यावर चढत होतं. दोनच्या सुमाराला पांढऱ्यावर गुलाबी झाक आली. लाइट गेले. मग मेणबत्ती आणि टॉर्च. पाचला गुलाबीचं तांबूस झालं, आणि सकाळी चहा घेऊन आले तर सगळे तुरे तपकिरी होते, एका उंचीचे, दाटीवाटीनं उभे, सेंटीमीटरभर. स्टेमोनायटिस. दुपारी वाऱ्याची झुळूक आली आणि त्यांच्यातून धूर निघाल्यासारखी भुकटी उडाली. सासूबाई रात्री दोनदा उठून बघून गेल्या होत्या. सकाळी त्यांनी स्वतःहून तिथला केर काढला नाही.

नमुने ठेवायची जुनी पद्धत काडेपेटीची आहे. लाकडाची चिपटी काडेपेटीच्या तळाला डिंकानं चिकटवायची, वर तारीख-जागा-लाकूड लिहायचं. मी तशा वीस केल्या आणि कपाटात ठेवल्या. १० ऑगस्टला उघडल्या तर चौदांमध्ये खरी बुरशी वाढली होती आणि तीनमध्ये बारीक किड्यांनी बीजाणू फस्त केले होते. स्टेमोनायटिस त्यातच गेली. मला रडू आलं. नंतर शिकले ते असं: नमुना आधी पंख्याखाली सावलीत दोन-तीन दिवस खडखडीत वाळवायचा, मग काडेपेटी पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये, म्हणजे किडे मरतात, आणि नंतर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात. यानंतर एकही पेटी गेली नाही.

मायक्रोस्कोप अंबाला बनावटीचा, बंद झालेल्या एका प्रयोगशाळेतून ८,५०० रुपयांना घेतला. काचपट्टीवर नमुन्याचा कण ठेवायचा, आधी स्पिरिटचा थेंब, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकून काही दिसत नाही. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाचा थेंब. ते कातडीला भाजतं, हातमोजे घाला. ओळख पटवताना पहिले प्रश्न दोनच: बीजाणूंचा रंग काळपट की फिकट, आणि नमुन्यात चुना आहे का. चुन्यासाठी घरातलं व्हिनेगर पुरतं. भिंगाखाली कणावर थेंब सोडला आणि बुडबुडे आले की फायसारम, डायकिया अशा मंडळींकडे वळायचं. बीजाणू साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. पहिला नीट दिसला त्या दिवशी रात्रीचा दीड वाजला होता.

पावसाची वाट न बघता घरीही हे वाढवता येतं. पेट्री डिशमध्ये टिपकागद, त्यावर झाडाच्या सालीचे तुकडे, त्यावर उकळून गार केलेलं पाणी. चोवीस तासांनी जादा पाणी ओतून टाकायचं आणि रोज बघायचं. ही युक्ती गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये लिहून ठेवली. माझ्या सहा डिशपैकी दोनांत काही आलं, एकीत सतराव्या दिवशी पिवळं जाळं. ते मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि श्वास रोखून बसले. शिरांमधून दाणेदार रस वाहत होता, भरतीच्या वेळी खाडीत पाणी शिरतं तसा. मग मंदावला, क्षणभर थांबला, आणि उलटा वाहायला लागला. फोनवर वेळ लावली: एका दिशेला मिनिटभर, मग दुसऱ्या. कितीही वेळ बघा, तेच. ना हृदय, ना मेंदू. ओट्सचे तीन दाणे ठेवले तर रात्रीतून तिन्ही दाण्यांना जोडणाऱ्या जाड शिरा उरल्या आणि बाकीचं जाळं आटलं. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असेच ओट्स टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी मांडले होते, आणि फायसारमनं जोडलेलं जाळं तिथल्या रेल्वेमार्गांशी जुळण्याजोगं निघालं. वाचलं तेव्हा ते खूप लांबचं वाटलं होतं.

देवराईतल्या बुरश्यांचं सगळं लिहिलं तर वेगळं पान लागेल. एकच सांगते. १८ ऑगस्टला सकाळी सव्वासातला पाल्यात अंड्यासारखं काही फुटलेलं दिसलं. साडेआठपर्यंत त्यातून पांढरा दांडा वर आला आणि डोक्याखालून जाळीचा झगा जमिनीपर्यंत उतरला. वास सडक्या मांसाचा, त्यावर माश्या. ही फॅलस इंड्युसिएटस. दहाच्या सुमाराला झगा मलूल झाला. उशिरा गेले असते तर लोळागोळाच दिसला असता. छत्रीवाल्या बुरशीचा फोटो काढताना खालची बाजूही घ्या, पडदे आहेत की भोकं हे त्याशिवाय कळत नाही. त्यासाठी ती उपटावी लागत नाही, शेजारी छोटा आरसा धरला की दिसतं. आणि फोटोवरून ओळखून कुठलीही अळंबी खाऊ नका. सासूबाई वारुळावरची रोवणं डोळे झाकून ओळखतात. मी इतकं वाचूनही त्यांना विचारल्याशिवाय एक ताटात घेत नाही.

गौरी-गणपतीत घर भरलं. ११ सप्टेंबरला गौरीजेवणानंतर पडवीत मायक्रोस्कोप मांडला आणि मुलांची रांग लागली. मुंबईहून आलेली पुतणी तासभर उठेना. "काकू, हे आता वळणार," असं ती रस उलटा फिरण्याआधी सांगायला लागली.

शेवटचा हिशेब: १९ फेऱ्या, सुमारे चार हजार फोटो, खर्च पेट्रोल धरून साधारण २१ हजार. देवराई आणि परस मिळून स्लाइम मोल्डच्या सतरा नोंदी, त्यातल्या सहाच जातीपर्यंत पोचल्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी ही यादी लोक जैवविविधता नोंदवहीसाठी ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेविकाताईंनी विचारलं, "हे प्राण्यांत घालू की वनस्पतींत?" मी दोन्ही नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. त्यांनी 'इतर' मध्ये लिहिलं, माझ्यासमोर, सतराही नावं, एकेक अक्षर विचारून. नोंदवही असेल तर तुमच्या गावातही विचारून बघा. पोच मागायला विसरू नका.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, देवळात नारळ ठेवला आणि गुरवकाकांना म्हटलं, चला, दाखवते. पाऊस ओसरला होता, तरी बेहड्याच्या बुंध्याशी एका गळालेल्या पानावर डायकिया होती. चुन्यानं पांढरे झालेले देठ, वर मोरपिसासारखी निळी-जांभळी बोंडं, एकेक दीड मिलिमीटरचं. काकांनी पान तळहातावर घेतलं, भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ह्ये आधीपासनंच हुतं हितं?"

"होतं, काका."

त्यांनी भिंग मला परत दिलं, खाली वाकले आणि पान जिथून उचललं होतं तिथंच ठेवलं, बोंडांची बाजू वर करून.